मगवरची प्रिंट एका बाजूला फिकी येते? मशीन विकायच्या आधी हे तीन मग काढून बघा



गेल्या पावसाळ्यात आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. "सर, मशीन विकून टाकते. पन्नास मगांची ऑर्डर होती शाळेच्या निरोप समारंभाची, त्यातले आठ बाद झाले. खालची पट्टी फिकीच येतेय."

मी म्हटलं, ताई, आधी हिशोब करू. समजा कोरा मग 70 रुपयांना पडला, शाई-कागद-वीज-खोका मिळून 20, आणि तुम्ही विकता 180 ला. म्हणजे एका मगामागे हातात राहतात 90. एक मग बाद झाला की खिशातून जातात तेही 90. आठ मग बाद म्हणजे आठ चांगल्या मगांची मेहनत फुकट. धंदा तोट्यात जातो तो असा, हळूहळू. त्यामुळे "चालायचंच, एखाद-दुसरा बाद होतोच" असं म्हणू नका. कारण शोधा.

आधी समजून घ्या: रंग बसतो कसा?

सब्लिमेशनची शाई गरम झाली की तिची थेट वाफ होते आणि ती मगावरच्या पॉलिमर कोटिंगमध्ये शिरते. यासाठी चार गोष्टी लागतात: पुरेशी उष्णता, पुरेसा वेळ, सगळीकडे सारखा दाब आणि चांगलं कोटिंग. जिथे यातलं एक जरी कमी पडलं, तिथे प्रिंट फिकी. म्हणूनच भांड्यांच्या दुकानातल्या साध्या मगावर ही प्रिंट धरत नाही.

तीन मगांची टेस्ट

संशयित तीनच आहेत: कागद, मग आणि मशीन. कोण दोषी ते असं पकडायचं.

एकाच गडद रंगाची सपाट पट्टी पूर्ण मगभर येईल अशी प्रिंट करा. फोटोमध्ये दोष लपतो, सपाट रंगात लपत नाही. प्रेस करायच्या आधी कागद उजेडात बघा. कागदावर रंग मळकट दिसतो, ते नॉर्मल आहे. पण कागदावरच आडव्या रेघा असतील तर दोष प्रिंटरचा. नोझल चेक काढा, हेड क्लीनिंग करा.

पहिला मग नेहमीसारखा काढा. दुसरा मग कागद लावून मशीनमध्ये उलटा ठेवा. तिसरा मग वेगळ्या खोक्यातला घ्या आणि सरळ ठेवून काढा.

आता बघा. उलट्या मगावर फिकी पट्टी वरच्या काठाला गेली, म्हणजे ती मशीनमधली जागा सोडत नाहीये. दोष मशीनचा. पट्टी मगाच्या खालच्याच काठाला राहिली, तर मशीन निर्दोष. मग तिसरा मग बघा. तो चांगला आला तर पहिल्या खोक्यातल्या कोटिंगवर संशय घ्या. त्या खोक्यातले अजून एक-दोन काढून खात्री करा आणि व्यापाऱ्याला नमुना दाखवा. तिसराही तसाच आला, तर तिथे कागद नीट चिकटत नसेल. बऱ्याच मगांना तळाशी गोलाई असते, तिथे कागद टेकतच नाही. डिझाइनची उंची थोडी कमी करा.

ताईंच्या बाबतीत पट्टी वर गेली. म्हणजे मशीन! पण बिघाड नव्हता हं. त्या मग थेट खाली टेकवून ठेवायच्या, आणि हीटरच्या अगदी काठाला उष्णता कमी असते. मग थोडा वर, हीटरच्या मधोमध धरला आणि काम झालं. खर्च शून्य.

दाब किती ठेवायचा?

मशीन बंद केल्यावर मग हाताने फिरता कामा नये, पण लिव्हर लावायला दोन हातांचं बळही लागता कामा नये. सैल असेल तर प्रिंट डागाळते, फार घट्ट असेल तर मग तडकतो. आतलं सिलिकॉन रबर एका जागी दबलंय का तेही बघा. मशीन थंड झाल्यावर, प्लग काढून. हँडलजवळ हीटर पोचतच नाही, तिथे डिझाइन नेऊ नका.

तापमान आणि वेळ

बऱ्याच मशीनवर 180 ते 200 अंश आणि अडीच ते चार मिनिटं यात काम होतं, पण तुमच्या मशीनचा आकडा तुम्हीच शोधायचा. कमी पडलं तर रंग फिके. जास्त झालं तर कडा पसरतात, काळा तपकिरी होतो, पांढरा पिवळसर. एका वेळी एकच गोष्ट बदला: 5 अंश किंवा 10 सेकंद. आणि वहीत लिहा! दोन्ही एकदम बदललं तर कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही. सकाळचा पहिला मग फिका येत असेल तर मशीन पुरेसं तापू द्या.

पावसाळ्यातले ठिपके

ताईंच्या दोन मगांवर पट्टी नव्हती, ठिपके होते. ते वेगळं दुखणं. कागदातली ओल वाफ होऊन रंग विस्कटते. कागद झिपच्या पिशवीत ठेवा, प्रिंट पाच-दहा मिनिटं सुकू द्या, मग कोरड्या कापडाने पुसा. आणि प्रेस झाल्यावर कागद लगेच, एका झटक्यात काढा, हातमोजे घालून. गरम मगावर कागद सरकला तर दुहेरी सावली येते.

आजपासून एक नियम

नवीन खोकं आलं की ऑर्डरला हात लावायच्या आधी त्यातले दोन मग टेस्टला काढा. दोन मग गेले तर चालतील, गिऱ्हाईक गेलं तर परत येत नाही.

ताईंनी ते आठ मग पुन्हा काढून दिले, वेळेत. मशीन अजून त्यांच्याकडेच आहे.

तुमचा मग कुठे फिका येतो, वर, खाली की हँडलजवळ? टेस्ट करा आणि व्हिडिओखाली लिहा. भेटू पुढच्या भागात.