स्कॅनर ‘अचूक’ आहे, म्हणजे नक्की काय?

डेंटल इम्प्लांटच्या डिजिटल नियोजनावरचे पेपर वाचायला घेतलेत की पहिल्याच पानावर ‘अ‍ॅक्युरसी’ हा शब्द भेटतो. तिथे जरा थांबा. आयएसओ ५७२५ या मानकानुसार या एका शब्दात दोन गोष्टी आहेत. ट्रूनेस म्हणजे मोजमाप खऱ्या मापाच्या किती जवळ आहे. प्रिसिजन म्हणजे तेच माप दहा वेळा घेतलं, तर दहाही उत्तरं एकमेकांच्या किती जवळ येतात. दुकानातला काटा दर वेळी न चुकता ५० ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर त्याचं प्रिसिजन उत्तम आणि ट्रूनेस वाईट.

आता हे ‘खरं माप’ आणायचं कुठून? मॉडेल असेल तर ते औद्योगिक स्कॅनरवर किंवा कोऑर्डिनेट मेजरिंग मशीनवर मोजता येतं. जिवंत माणसाचा जबडा तिथे कसा ठेवणार? म्हणून रुग्णांवरच्या बऱ्याच अभ्यासांत फक्त प्रिसिजन मोजलेलं असतं, नाहीतर नेहमीच्या ठशाशी तुलना केलेली असते. ठशालाही स्वतःची चूक असतेच की!

तोंडात फिरवायचा स्कॅनर एका वेळी थोडाच भाग टिपतो आणि सॉफ्टवेअर ते तुकडे जोडत जातं, गोधडी शिवावी तसं. प्रत्येक जोडात थोडी चूक, आणि ती पुढे साठत जाते. त्यामुळे एक-दोन दातांच्या जागेत छान चालणारा स्कॅनर पूर्ण कमानीत घसरू शकतो. दातच नसलेल्या जबड्यात तर ओली, गुळगुळीत, हलणारी हिरडी; जोडायला खुणाच सापडत नाहीत.

मला सगळ्यात फसवी वाटते ती ‘बेस्ट फिट’ची पायरी. दोन एसटीएल फाइल्स एकमेकींवर बसवताना सॉफ्टवेअर एकूण फरक कमीत कमी होईल असं बघतं. मग एका टोकाला साचलेली चूक सगळीकडे वाटली जाते आणि छोटी दिसते. म्हणून मेथड्समध्ये अलाइनमेंट कशावरून केलंय ते वाचा. स्कॅन बॉडींमधलं अंतर आणि कोन थेट मोजलेले अभ्यास मला जास्त पटतात.

बरं, स्कॅन झाला म्हणजे नियोजन झालं नाही. हाड आणि नस सीबीसीटीत दिसतात, त्यामुळे दोन्ही जुळवावे लागतात. तोंडात धातूचं फिलिंग किंवा कॅप असेल तर तिथे प्रतिमा बिघडते. मग गाइडची छपाई, मग ड्रिलिंग. स्कॅनरची चूक बहुतेक वेळा मायक्रॉनमध्ये सांगतात, पण स्थिर गाइडवरच्या २०१८ च्या एका मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये इम्प्लांटचं सरासरी विचलन प्रवेशबिंदूपाशी १.२ मिमी, टोकाशी १.४ मिमी आणि कोनात ३.५ अंश आलं होतं.

खालच्या जबड्यातल्या नसेपासून साधारण २ मिमी अंतर राखायचा प्रघात आहे. सरासरी १.४ बघून हायसं वाटेल, पण नस वाचते की नाही ते कमाल विचलनावर ठरतं. टेबलात तो रकाना आधी शोधा.