लाल दिवा लागल्यावर येणार कोण?

घरखर्चाचा ताळेबंद : लेखांक 9

मागच्या लेखांकात इन्व्हर्टरचा हिशेब मांडला. त्यानंतर पेण-रोह्याकडून विचारणा झाली ती एकच : घरी फायबर घ्यावे का, आणि घेतले तर परवडते का?

आधी रोकडा हिशेब. घरात चार मोबाइल आहेत असे धरू. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा पॅक 299 रुपयांना झाला. तो चालतो 28 दिवस, महिनाभर नव्हे, म्हणजे वर्षाला रिचार्ज बारा नाही, तेरा. चौघांचे मिळून 15,548 रुपये. घरात फायबर आले तर हेच चौघे तेवढ्याच मुदतीच्या, पण एकूण 2 जीबीच्या 189 रुपयांच्या पॅकवर उतरू शकतात, ते होतात 9,828. वाचले 5,720. आता फायबर. जाहिरातीत 399 लिहिलेले असते, पण मोबाइलच्या पॅकमध्ये कर धरलेला असतो आणि ब्रॉडबँडच्या आकड्यात तो नसतो. 18 टक्के जीएसटी चढवला की 399 चे 471 होतात, वर्षाला सुमारे 5,650. शिल्लक उरली सत्तर रुपये. भिंतीवरचा राउटरचा डबा दिवसरात्र चालू राहणार. तो 10 वॉटचा धरला तरी वर्षाला 87-88 युनिटे खातो, म्हणजे ते सत्तरही गेले. शिवाय दिवा-रोहा गाडीने रोज ये-जा करणाऱ्या मुलाला 2 जीबी आठवडाभर पुरले तरी खूप. त्याचा मोठा पॅक ठेवावाच लागतो.

तेव्हा बचतीसाठी कोणी फायबर घेऊ नये. पदरचे थोडे घालायचेच आहेत, तर ते कशासाठी हे नीट पाहू.

जानेवारी 2005 मध्ये बीएसएनएलचे डेटावन आले, तेव्हा 256 केबीपीएसला आपण ब्रॉडबँड म्हणत होतो. रात्री 2 ते सकाळी 8 डाउनलोड फुकट, म्हणून दोनचा गजर लावून उठणारी मंडळी मी पाहिली आहेत (एक आरशात दिसायचा). सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड 2 एमबीपीएसवर यायला 2023 उजाडले. डेटावनचे ते नेट टेलिफोनच्या तांब्याच्या जोडीवरून यायचे आणि कोकणात तांब्याचे दोन वैरी, पाऊस आणि वीज. मृगाच्या सरी सुरू झाल्या की जॉइंटमध्ये पाणी शिरायचे, फोनवर खरखर, नेट बंद. वीज कडाडली की मोडेम जळालेला. शिवाय एक्स्चेंजपासून घर जितके लांब, तितका वेग कमी.

फायबर म्हणजे काचेचा तंतू, त्यातून धावतो प्रकाश. काच गंजत नाही, विजेचा झटका वाहून आणत नाही. एक्स्चेंजपासून वीस किलोमीटरपर्यंत उजेड पोचतो, त्यामुळे गावाच्या टोकाला राहणाऱ्यालाही तोच वेग. अर्थात तंतू सगळ्यांचा सामायिक असतो. नेहमीच्या जीपॉन पद्धतीत एका तंतूवरचा अडीच जीबीपीएसचा प्रवाह खांबावरच्या डबीतून, म्हणजे स्प्लिटरमधून, सहसा 32 घरांना वाटला जातो. सगळे एकदम ओढू लागले तरी प्रत्येकाच्या वाट्याला 75-78 एमबीपीएस येतात. चार माणसांच्या घराला 30 पुरतात. शंभर-दीडशेच्या प्लॅनमागे धावण्यात मला फारसे शहाणपण दिसत नाही.

खरा फायदा वर चढणाऱ्या वेगाचा. हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखानदाराला परदेशातल्या गिऱ्हाईकाला मूर्तीचा व्हिडिओ पाठवायचा असतो. डोळ्यांची आखणी, पितांबराचा रंग, सगळे स्पष्ट दिसायला हवे. एक जीबीची फाइल 30 एमबीपीएसने साडेचार मिनिटांत जाते. तांब्यावर अपलोड जेमतेम 1 एमबीपीएस, तिथे सव्वादोन तास गेले असते. रोह्यात धाटावच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या जोडप्याला पुण्याच्या नातवाचा चेहरा न अडखळता दिसतो, तेही याच कारणाने.

वायर दारात आली म्हणजे फायबर आले असे मात्र नाही. पेणच्या नव्या इमारतींत कित्येकदा काच जिन्याखालच्या पेटीपर्यंतच येते आणि तिथून वर फ्लॅटमध्ये साधी लॅनची केबल. ती पेटी इमारतीच्या मीटरवर चालते. वीज गेली की तुमचा इन्व्हर्टर सुरू, राउटरचे दिवे चकाकतात आणि नेट मात्र नाही. घरात येणारी वायर पाहा. टोकाला हिरवी किंवा निळी चौकोनी पिन असेल तर काच, टेलिफोनसारखी पारदर्शक क्लिप असेल तर तांबे. जुन्या घरांत अडचण वेगळी. चिऱ्याच्या जाड भिंतींपुढे वाय-फाय हात टेकते. तंत्रज्ञ सोयीचे म्हणून ओटीवर डबा ठोकून जातो. त्याला चहा पाजा, पण वायर माजघरापर्यंत ओढायला लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. काच गंजत नसली तरी तुटते. वायरी महावितरणच्या खांबांवरून लोंबकळत येतात. पावसाआधी फांद्या छाटताना फांदीबरोबर वायरही खाली येते, माकडे तिला झोके घेतात, आणि मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण 2011 पासून चालू असल्याने जेसीबीचा दात कधी कुठे लागेल याचा नेम नाही. तुटलेले तांबे कोणीही पिळून जोडायचा. काच जोडायला स्प्लायसिंग मशीन लागते आणि ते घेऊन येणारा माणूस लागतो. गेल्या श्रावणात आमच्या राउटरवरचा लाल दिवा अकरा दिवस पेटून होता. तक्रार रोज नोंदली जात होती, रोज ‘निवारण झाले’ असा संदेशही येत होता. गणपतीच्या कारखान्यांत रात्रपाळ्या चालतात त्याच दिवसांत वायरी तुटतात, हे पेणचे खास दुखणे.

जुन्या तांब्याच्या फोनची एक गोष्ट मात्र गेली. त्याला वीज एक्स्चेंजकडून मिळायची, घरात अंधार असला तरी तो वाजायचा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. त्यानंतर जिल्ह्यातली कित्येक गावे दिवसेंदिवस विजेविना होती. तेव्हा फायबरचा फोन म्हणजे शोभेची वस्तू. टॉवरची बॅटरी संपली की मोबाइलही मुका.

माझे मत विचाराल तर फायबर घ्या, पण कंपनीचे नाव किंवा वेग पाहून नको. तीन घरे पलीकडे विचारा : जुलैत नेट गेले तेव्हा किती दिवसांनी माणूस आला? तो पेणमध्येच राहतो की पनवेलहून येतो? सहा महिने किंवा वर्षाचे पैसे आधी भरले तर बसवणूक फुकट, असे आमिष दाखवतात. पहिल्या खेपेला ते घेऊ नका, बसवणुकीचे पैसे देऊन महिन्या-महिन्याने भरा. घरातला एक मोबाइल वेगळ्या कंपनीचा ठेवा. आणि जोडणी थंडीत नको, आषाढात मागा. भर पावसात शिडी घेऊन कोण येतो ते तेव्हाच कळेल.

(पुढील लेखांक : विहिरीवरचा पंप आणि त्याचे बिल)