कच्चतीवू आणि पाण्यावरचा हक्क

कच्चतीवू हे पाल्कच्या सामुद्रधुनीतले २८५ एकरांचे निर्जन बेट. रामेश्वरमच्या ईशान्येला, भारतीय किनाऱ्यापासून सुमारे ३३ किलोमीटरवर ते आहे; श्रीलंकेचे नेडुंतीवू बेट त्याला याहून जवळ. लांबी दीड किलोमीटरच्या आसपास, रुंदी सर्वाधिक असेल तिथेही जेमतेम ३०० मीटर. पिण्याचे पाणी नसल्याने वस्ती कधी झालीच नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष अनुरा कुमार दिसानायके इथे येऊन गेले. त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाने या बेटावर पाऊल ठेवण्याची ही पहिलीच वेळ. तमिळनाडू विधानसभेने बेट परत मिळवण्याचा ठराव केला, त्याला तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. या भेटीने पन्नास वर्षांपूर्वीची जखम पुन्हा उघडी पडली.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. बेट रामनाडच्या सेतुपतींच्या जमीनदारीत धरले जाई. १९२१ मध्ये मद्रास आणि सिलोनच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मासेमारीची हद्द ठरवताना ते सिलोनच्या बाजूला टाकले, पण त्या वाटाघाटींवर अंतिम मोहोर उठली नाही. स्वातंत्र्यानंतर दोन्ही देश आपापला दावा सांगत राहिले. १९६१ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी या बेटाला आपण काहीच महत्त्व देत नसल्याचा शेरा एका टिपणावर मारला. दिल्लीच्या नकाशावर तो ठिपकाच होता.

दोन्हीकडच्या तमिळ मच्छीमारांना मात्र बेट रोजच्या उपयोगाचे होते. ते तिथे जाळी वाळवत, थकवा घालवत. रामनाडकडच्या एका कॅथलिक तमिळ भाविकाने विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेले संत अँथनीचे छोटे चर्च तिथे आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची जत्रा भरते. रामेश्वरमच्या होड्या एका बाजूने येतात, जाफन्याच्या दुसऱ्या बाजूने. झेंडा चढतो, क्रुसाच्या वाटेची प्रार्थना होते, रात्र वाळूत काढून सकाळच्या मिस्सेनंतर मंडळी परततात. सीमेने दुभंगलेल्या सोयऱ्याधायऱ्यांची गाठ पडण्याची ही हक्काची जागा होती.

खरा घाव बसला तो १९७४ ते १९७६ या दोन वर्षांत. इंदिरा गांधी आणि सिरिमावो बंदरनायके यांनी २६ व २८ जून १९७४ रोजी पाल्कच्या सामुद्रधुनीतील सीमेचा करार केला. सीमारेषा बेटाच्या पश्चिमेला एका मैलावरून गेली आणि कच्चतीवू श्रीलंकेकडे आले. काळही तसाच होता. पोखरणची अणुचाचणी महिन्यापूर्वीचीच होती. मळ्यांतल्या भारतीय वंशाच्या तमिळांपैकी उरलेल्या दीड लाखांची निम्मी-निम्मी वाटणी त्याच जानेवारीत ठरली होती. दिल्लीला शेजारी मित्र हवा होता आणि बेट हलके वाटले. परराष्ट्र सचिव केवल सिंह यांनी १९ जूनला मद्रासमध्ये मुख्यमंत्री करुणानिधी यांना कल्पना दिली होती, हे त्या भेटीच्या नोंदींतून दिसते; करार जाहीर झाल्यावर त्यांच्याच सरकारने विधानसभेत विरोधाचा ठराव आणला. ज्यांच्या होड्या त्या पाण्यात जात, त्यांना ना दिल्लीने विचारले ना मद्रासने.

तरीही १९७४ च्या करारात एक आधार शिल्लक होता. पाचव्या कलमाने भारतीय मच्छीमारांना आणि यात्रेकरूंना पूर्वीप्रमाणे, प्रवासाच्या कागदपत्रांविना बेटावर जाण्याची मुभा ठेवली. सहाव्या कलमाने एकमेकांच्या पाण्यातले होड्यांचे परंपरागत हक्क मान्य केले. मासेमारी, यात्रा आणि नौकानयन यांचे हक्क सुरक्षित असल्याचे परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग यांनी २३ जुलै १९७४ रोजी लोकसभेत सांगितले.

हा शब्द दोन वर्षेही टिकला नाही. आणीबाणी आली, ३१ जानेवारी १९७६ रोजी करुणानिधींचे द्रमुक सरकार बरखास्त झाले आणि २३ मार्चला मन्नारच्या आखाताचा दुसरा करार झाला. त्यासोबत दोन्ही परराष्ट्र सचिवांत झालेल्या पत्रव्यवहाराने ठरवले, की एका देशाचे मच्छीमार दुसऱ्याच्या पाण्यात मासेमारी करणार नाहीत. जाळी वाळवण्याची परवानगी राहिली आणि मासळी पकडण्याची गेली. म्हणजे मच्छीमारांच्या तोंडाला पाने पुसली गेली. भारताला कन्याकुमारीजवळचे वेज बँक हे मासळीने समृद्ध क्षेत्र मिळाले, पण रामेश्वरमच्या होड्यांना त्याचा उपयोग नव्हता. रस्त्यावर ओरडणारे विरोधक तेव्हा तुरुंगात होते. बेटासाठी आजवर इतकी भाषणे झाली, त्यांतली फारच थोडी या पत्रव्यवहाराबद्दल आहेत.

पुढे १९८३ पासून श्रीलंकेत यादवी युद्ध पेटले. तिथल्या नौदलाने जाफन्याच्या मच्छीमारांना समुद्रापासून रोखले आणि रिकाम्या पाण्यात तमिळनाडूचे ट्रॉलर खोलवर जाऊ लागले. कोळंबीच्या मागे लागलेल्या या ट्रॉलरांची जाळी समुद्राचा तळ खरवडतात. माशांची पिल्लेही त्यांत सुटत नाहीत. २००९ मध्ये युद्ध संपल्यावर उत्तरेचे तमिळ मच्छीमार पाण्यात परतले, तेव्हा आपली जाळी फाडून जाणारे ट्रॉलर त्यांना दिसले. श्रीलंकेने २०१७ मध्ये तळ खरवडणाऱ्या मासेमारीवर कायद्याने बंदी घातली. भांडण आता एकच भाषा बोलणाऱ्या दोन गरीब किनाऱ्यांचे झाले आहे, आणि बेट परत आले तरी ते मिटणार नाही.

राजकारण मात्र बेटालाच धरून बसले. जयललिता यांनी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. घटनादुरुस्तीविना भूभाग देता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. बेट वादग्रस्त होते, म्हणून भूभाग दिलाच नाही, ही केंद्राची भूमिका. २०१४ मध्ये महान्यायवादींनी न्यायालयात सांगितले, की बेट परत हवे असेल तर युद्ध करावे लागेल. २०२४ च्या लोकसभा प्रचारात पंतप्रधानांनी तोच विषय पुन्हा काढला. त्याच सुमारास परराष्ट्रमंत्र्यांनी वीस वर्षांत ६,१८४ भारतीय मच्छीमारांना श्रीलंकेने पकडल्याचे आणि १,१७५ नौका जप्त केल्याचे सांगितले. निवडणूक संपली, अटका थांबल्या नाहीत.

या तिढ्यावर थेट बोट ठेवणारी एकच योजना निघाली. २०१७ मध्ये केंद्र आणि तमिळनाडूने पाल्कच्या उपसागरातील २,००० ट्रॉलर तीन वर्षांत खोल समुद्रातील नौकांनी बदलण्याचे ठरवले. नौकेची किंमत ८० लाख रुपये धरली होती. ७० टक्के अनुदान, बाकीचा भार मालकाचा स्वतःचा आणि कर्जाचा. दिवसभरात परतणाऱ्या मच्छीमाराला कित्येक दिवस समुद्रात राहण्याची सवय नव्हती, शिवाय कर्जाची भीती होती. योजना उद्दिष्टाच्या जवळपासही पोहोचली नाही, आणि रामेश्वरमचे ट्रॉलर अजून त्याच सीमारेषेपलीकडे जातात.