मधला ठिपका गेला कुठे?

वसईच्या किल्ल्यात संध्याकाळी लग्नाआधीचे फोटो काढायचे तर सूर्य पाठीमागे आणि चेहरे काळे. मग बाहेरचा फ्लॅश लागतोच. तो कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत, म्हणजे हॉट-शूमध्ये, बसला की काम झालं असं वाटतं. तसं नसतं. खाचेचं माप बहुतेक कॅमेऱ्यांत सारखं, पण बारीक पिना ज्याच्या त्याच्या. मधला मोठा ठिपका तेवढा सामाईक: शटर उघडताच तो सर्किट जोडतो आणि फ्लॅश उडतो. कॅननने २०१८ साली १५००डी आणि ३०००डी या स्वस्त मॉडेलांतून नेमका तोच काढून टाकला. (कात्री नवशिक्यांच्याच खिशाला, हे काही पटत नाही.) त्यांवर साधा मॅन्युअल फ्लॅश उडतच नाही, कॅननच्या ई-टीटीएल या स्वयंचलित फ्लॅश-पद्धतीशी जुळणारा लागतो.

दुसरी गोष्ट शटरची. अशा कॅमेऱ्यांत वेग साधारण १/२०० सेकंदापुढे नेला, की पडदा पूर्ण उघडलेला नसतानाच फ्लॅश उडतो आणि फोटोत काळा पट्टा येतो. हाय-स्पीड सिंक या फ्लॅशमधल्या सोयीने हे टळतं, पण फ्लॅशची ताकद बरीच घटते.

फ्लॅश घ्यायला जाताना कॅमेरा सोबत न्या आणि दुकानातच उडवून बघा.