अंदाज न देता ठरलेला दर

27 मार्च 2020. देश कोरोनामुळे टाळेबंदीत. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीने एप्रिलची बैठक आधीच घेतली आणि रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो रेपो दर 5.15 वरून थेट 4.40 टक्क्यांवर आणला. विकासदराचा आणि महागाईचा नेहमीचा अंदाज मात्र दिला नाही. उद्याचंच कळत नसताना आकडा सांगायचा तरी कसा? हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

नुसता दर घटवून भागत नाही. घाबरलेल्या बँका कर्ज द्यायचं सोडून पैसा रिझर्व्ह बँकेकडेच ठेवतात. म्हणून त्या पैशावर मिळणारा रिव्हर्स रेपो दर आणखी खाली, 4.90 वरून 4 टक्क्यांवर आणला. बँकांना ठेवींचा जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवावाच लागतो, ते रोख राखीव प्रमाणही 4 वरून 3 टक्के केलं. रेपोतल्या कपातीवर मात्र एकमत नव्हतं: सहापैकी दोन सदस्यांना पाऊण टक्क्याऐवजी अर्धा टक्काच हवा होता.