हाडं दुखतात, मुतखडाही होतो? रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या

कंबर दुखली, पाय दुखले की आपण म्हणतो, "वय झालं, चालायचंच!" मग मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्या आणतो. पण काही जणींच्या रक्तात कॅल्शियम कमी नसतं, उलट जास्त असतं. आज त्या आजाराची ओळख करून घेऊ.

आपल्या गळ्यात थायरॉईड ग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यांना पॅराथायरॉईड म्हणतात. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की त्या पीटीएच नावाचं संप्रेरक सोडतात. ते हाडांतलं कॅल्शियम रक्तात आणतं. पुरेसं झालं की काम थांबतं. कधी एखाद्या ग्रंथीत गाठ होते आणि ती थांबतच नाही. ही गाठ बहुधा कॅन्सरची नसते. पण कणगीतून रोज धान्य काढावं आणि भरू नये, तशी हाडं रिती होत जातात. जादा कॅल्शियम लघवीत उतरतं, त्याचे खडे होतात.

पाळी गेलेल्या बायकांमध्ये हा आजार जास्त दिसतो. हाडं दुखणं, थोडक्यात हाड मोडणं, पुन्हा पुन्हा मुतखडा, सारखी तहान आणि लघवी, बद्धकोष्ठता, थकवा, उदासी ही त्याची लक्षणं. उलट्या, गुंगी, बोलण्यात गोंधळ असेल तर लगेच दवाखाना गाठा.

डॉक्टरांना रक्तातलं कॅल्शियम, पीटीएच आणि ड जीवनसत्त्व तपासायला सांगा. कॅल्शियम साधारण साडेआठ ते साडेदहा असावं. नुसतं ड जीवनसत्त्व कमी असलं तरी पीटीएच वाढतं, पण तेव्हा कॅल्शियम वाढत नाही आणि उपचारही वेगळा असतो. म्हणून तिन्ही आकडे एकत्र पाहायचे.

बिघडलेली ग्रंथी ऑपरेशनने काढली की बहुतेक जणी बऱ्या होतात. नंतर ओठांभोवती, बोटांत मुंग्या आल्या तर डॉक्टरांना लगेच कळवा, कारण तेव्हा कॅल्शियम एकदम उतरलेलं असू शकतं. ऑपरेशन लगेच करायचं नसेल, तर ठरल्या वेळी तपासण्या करा आणि भरपूर पाणी प्या. दूध-दही बंद करू नका. कॅल्शियमच्या किंवा ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: हाडदुखी आणि मुतखडा दोन्ही कोणाला आहे? जी हात वर करेल, तिच्यासोबत दवाखान्यात जा.