बुरशीवर कोणते औषध चालेल?

मे 2021 मध्ये कल्याण-डोंबिवलीत कोविडचे दोन रुग्ण म्युकरमायकोसिसने दगावले आणि ‘काळी बुरशी’ हे नाव घरोघरी पोहोचले. ॲम्फोटेरिसिन-बी इंजेक्शनसाठी नातेवाईकांची वणवण झाली. बुरशीवरचे दुसरे औषध का चालत नव्हते?

याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळते. रुग्णाच्या नाकातून किंवा सायनसमधून घेतलेल्या तुकड्यातली बुरशी आधी वाढवतात. मग लहान खळग्यांच्या ताटलीत पोषक द्रव भरून प्रत्येक खळग्यात औषध आधीच्यापेक्षा निम्मे घालतात आणि बुरशीचे बीजकण सोडतात. 35 अंश तापमानात एक-दोन दिवस ठेवल्यावर, ज्या सर्वांत कमी मात्रेत बुरशी वाढत नाही ती मात्रा नोंदवतात. ॲस्परजिलस बुरशीला सहसा रोखणारे व्होरिकोनाझोल म्युकरवर चालत नाही, हे अशा चाचणीत दिसते.

अहवालाला वेळ लागतो. डॉक्टर मात्र उपचार लगेच सुरू करतात. म्हणून बंधुभगिनींनो, मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर मधुमेही माणसाचा चेहरा एका बाजूने सुजलेला दिसला, नाकातून काळपट स्राव येत असला किंवा त्याला एकाचे दोन दिसू लागले, तर दुकानातल्या गोळीवर थांबू नका. त्याच दिवशी त्याला मोठ्या रुग्णालयात पोहोचवा.